कृष्णेत प्रौढांच्याही हाती वल्हे द्या : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

माननीय क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सविनय नमस्कार.

महोदय,

माझे बालपण सांगलीत गेले. कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती मी आयर्विन पुलाच्या कठड्याला टेकून पाहत असे. पण मुलीनेही वल्हे हाती घ्यावे, हे तेव्हा कोणाच्या मनात आले नाही आणि माझ्याही नाही. ते मी घेतले वयाच्या ३९व्या वर्षी, नोकरीनिमित्त सिंगापुरात असताना, कलांगच्या शांत पाण्यावर, ड्रॅगन बोटीत. दोन-दोनच्या दहा रांगांत २० वल्हेकरी, पुढे ढोलावर एक आणि मागे सुकाणूवर एक, अशी ही २२ जणांची नाव असते. २०१०च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत या खेळाला पहिल्यांदा पदके होती.

सांगलीला परतल्यापासून, शर्यतीच्या एका मंडळाने उसनी दिलेल्या दहा वल्ह्यांच्या होडीत, मी चाळिशी-पन्नाशीतल्या स्त्री-पुरुषांना वल्हवायला शिकवते. सारे जण आधी दंडाच्या ताकदीने पाणी ओढू पाहतात आणि पाच मिनिटांत थकतात. जोर कमरेच्या वळणातून येतो, पाते पूर्ण बुडाल्याशिवाय ओढायचे नसते आणि नजर स्वतःच्या वल्ह्यावर न ठेवता पुढच्या जोडीवर ठेवायची असते, हे अंगी मुरायला काही आठवडे लागतात. पण ज्या दिवशी दहाही पाती एकाच क्षणी पाण्यात शिरतात, त्या दिवशी नाव पुढे झेपावते आणि ते प्रत्येकाला बसल्या जागी कळते. एकट्याच्या जोरापेक्षा सर्वांचा मेळ इथे मोलाचा असल्यामुळेच हा खेळ उशिरा सुरू करणाऱ्यालाही सामावून घेतो.

याचा सर्वांत ठोस पुरावा मला कॅनडातल्या व्हँकूव्हरचा वाटतो. स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेतलेल्या स्त्रियांनी दंडाचे जड व्यायाम केल्यास हाताला कायमची सूज येईल, असे मानले जात असताना, १९९६ साली डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी अशा २४ जणींना ड्रॅगन बोटीत बसवले. एकीलाही नव्याने सूज आली नाही आणि आज जगभर अशा स्त्रियांचे संघ वल्हवत आहेत.

इथे मात्र होडी आणि जीवरक्षक जाकिटे मागायला गेल्यावर एका कार्यालयात मला सांगण्यात आले की, योजना खेळाडूंसाठी आहे आणि माझे विद्यार्थी त्या वयाचे नाहीत. या उत्तराने मी फार दुखावले, कारण आमचे गाव नदीचे आहे. ऑगस्ट २०१९च्या महापुरात आमच्याच जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि कितीतरी माणसे बुडाली. होडीत तोल कसा राखावा, ती उलटली तर तिला धरून कसे राहावे, जोडीदाराचे नाव पुकारून मोजणी कशी करावी, हे आम्ही पहिल्याच आठवड्यात शिकवतो. कृष्णाकाठच्या प्रौढ माणसांना हे यायलाच हवे.

म्हणून माझी विनंती आहे की, जलक्रीडेच्या योजनांतील वयाची अट प्रौढ शिकाऊंसाठी शिथिल करावी, दहा वल्हेकऱ्यांच्या दोन नावा आणि पुरेशी जाकिटे सांगलीला द्यावीत आणि जलसंपदा खात्याशी बोलून बंधाऱ्यामागचा एक पट्टा सकाळच्या दोन तासांसाठी राखून ठेवावा. पावसाळा सरल्यावर बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातले की तिथले पाणी संथ होते आणि नवख्यांना शिकवायला तोच काळ योग्य असतो; त्यापूर्वी निर्णय झाल्यास यंदाचा हंगाम वाया जाणार नाही.

आपली विश्वासू,
एक वल्हेकरी प्रशिक्षक, सांगली