पुराच्या मदतीचे पैसे आणि रिटर्न

महोदय,
सांगलीत २०१९ ला आणि परत २०२१ ला कृष्णेचं पाणी घरात आलं तेव्हा सरकारनं सानुग्रह अनुदान दिलं, पण हे पैसे रिटर्नमधे दाखवायचे का, टॅक्स लागतो का, ह्यावर मारुती चौकात आजही दहा जणांची दहा मतं आहेत. कायद्यात तर सरळ लिहिलंय, मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाला लागू असलेल्या आयकर कायदा १९६१ चं कलम १०(१०बीसी) बघा, आपत्तीची भरपाई म्हणून केंद्र, राज्य किंवा महापालिकेकडून माणसाला नाहीतर त्याच्या वारसाला मिळालेली रक्कम करमुक्त. रिटर्न भरत असाल तर आयटीआर-१ (पगार-पेन्शनवाल्यांचा साधा फॉर्म) मधे करमुक्त उत्पन्नाच्या जागी हे कलम निवडून रक्कम टाकायची, झालं. काहीजण ती 'इतर उत्पन्ना'त टाकून फुकट टॅक्स भरतात!

खरी गोम दुकानदारांची आहे. भिजलेल्या मालाचं नुकसान ज्यांनी धंद्याच्या हिशोबात आधीच वजा करून घेतलं, त्यांना तेवढ्या रकमेपुरती ही सूट नाही, आणि हे कुणी नीट सांगतच नाही (सल्लागार मंडळी फी मात्र नीट सांगतात). आणि हो, मदतीचे पैसे बचत खात्यात पडून राहिले तर त्यावरचं व्याज करमुक्त नाही, ते दाखवावंच लागतं.

माझं म्हणणं एवढंच की मदत जमा झाल्याचा जो मेसेज येतो त्यातच करमुक्तीचं कलम लिहून द्या ना, तहसीलवाल्यांना एका ओळीचं काम आहे.

— एक वाचक, गावभाग, सांगली