आप्पा मिस्तरींना, कोचीच्या धक्क्यावरून

तीर्थस्वरूप आप्पांना,

साष्टांग नमस्कार.

पत्र असं उघड लिहिते आहे, कारण समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही चहा सांगता आणि विषय बदलता. तुमचा नातू हे मोबाइलवर वाचून दाखवेल, तेव्हा मध्येच उठून शेडमध्ये जाऊ नका. चोपड्यात तुम्हाला सगळे ट्रॅक्टरचे मिस्तरी म्हणून ओळखतात. हिंदी महासागर ओलांडून आलेल्या एका शिडाच्या बोटीचं इंजिनही तुमच्याच जिवावर चाललं, हे तालुक्याला कळलं तर बिघडलं कुठे?

वाचणाऱ्यांना थोडं सांगायला हवं. आम्ही दोघांनी नोकऱ्या सोडून जुनी समुद्रगामी यॉट घेतली. अडतीस फूट लांब, फायबरची, ऐंशीच्या दशकात इंग्लंडमध्ये बांधलेली, एका डोलकाठीची. माहेरी हे सांगितलं तेव्हा काकूंचा पहिला प्रश्न, “एवढ्याशा बोटीत महासागरात?” मग दिलीप दोंदे यांचं नाव सांगावं लागलं. त्यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती बोट मोठी होती, ५६ फुटी. पण अभिलाष टॉमी २०२२-२३ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत दुसरे आले, ते अवघ्या ३६ फुटी बोटीतून. काकूंचं समाधान झालं नाही, पण प्रश्न थांबले.

आमची बोट मलेशियात लांगकावी बेटावर विकायला होती. जगभर फिरणारे बरेच जण थकले की तिथे बोटी विकतात, कारण बेट करमुक्त आहे आणि नांगर टाकायला आडोसा चांगला. मालक नवरा-बायको सत्तरी ओलांडलेले, त्यांचं अर्धं आयुष्य त्या बोटीत गेलेलं. जाहिरातीतली यादी वाचून डोळे दिपत होते. समुद्राचं पाणी गोडं करणारा वॉटरमेकर, सोलर पॅनल, मागे छोटी पवनचक्की, विजेशिवाय वाऱ्याच्या दिशेवर सुकाणू धरणारं विंडवेन, रडार, लाइफराफ्ट, झोके खात सरळ राहणारी गॅसची शेगडी, रबरी होडी आणि तिचं मोटर-इंजिन. इंजिनाबद्दल एकच ओळ होती : पर्किन्स ४.१०८, नियमित देखभाल.

आम्ही सर्व्हेअर नेमला. त्याने काम चोख केलं. बोट पाण्याबाहेर काढून तळाचं फायबर ठोकून ऐकलं, ओलावा मोजला, तळाच्या भोकांवरचे ब्राँझचे कॉक उघड-बंद केले. अहवालात दोन मोठ्या गोष्टी लिहिल्या. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या स्टीलच्या तारा जुन्या आहेत, एका टोकाच्या दाबून बसवलेल्या टोपणात चीर दिसते. आणि इंजिन तेल गळतं, जुनं आहे, बदलण्याचा विचार करावा. तारा आणि इंजिन, दोन्ही बदलण्याएवढे पैसे आमच्याकडे नव्हते. बोट सोडून द्यायची, इथपर्यंत आमचं बोलणं आलं होतं.

आप्पा, तेव्हा तुम्हाला फोन केला तो मुळात सल्ल्यासाठी नव्हे, जीव हलका करायला. तुम्ही विचारलंत, “कोनतं इंजिन?” मी सांगितलं. “चार सिलिंडर का?” मी म्हटलं, हो, आणि १०८ घनइंच, म्हणून ४.१०८. तुम्ही फोनवर हसलात : “एकशे आठ? मंग चांगलंच शे.”

ट्रॅक्टरवाल्यांना हे ठाऊक असेल, बाकीच्यांसाठी लिहिते. पर्किन्स ही इंग्लंडमधली पीटरबरोची कंपनी. मॅसी फर्ग्युसन या ट्रॅक्टर कंपनीने ती १९५९ साली विकत घेतली. इकडे मद्रासच्या सिम्प्सनने पर्किन्सशी करार करून इंजिनं बांधली, ती टॅफेच्या मॅसी ट्रॅक्टरांत बसली. बाबांचा लाल मॅसी तुमच्याच हाताखाली म्हातारा झाला. तेव्हा लांगकावीत बोटीच्या पोटात दडलेलं ते इंजिन तुमच्यासाठी परकं नव्हतंच. भावकीतलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही जे करून घेतलंत ते मी आजही जुनी बोट घेणाऱ्या प्रत्येकाला सांगते. मालक यायच्या आत जा. आधी ब्लॉकवर हात ठेव. इंजिन थंड हवं. कोमट लागलं तर कुणीतरी तुझ्या आधी चालवून ठेवलंय, उद्या परत ये. तेलाची पट्टी काढ, बोटावर घे. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, पुढे काही बघू नको. मग सेल्फ मार आणि किती फेऱ्यांत धरतं ते मोज. धूर बघ. पहिला पांढरा धूर इंजिन तापल्यावर जायला हवा, निळा राहिला तर रिंगा गेल्या, काळा राहिला तर नोझल नाहीतर हवेची वाट तपासायची. चालू असताना तेल टाकायचं झाकण उघडून तळहात वर धर, वाफेचा झोत किती बसतो ते सांग. शेवटी फोन टॅपेट कव्हरजवळ धर आणि गप्प राहा.

मी फोन धरून उभी होते. हे वर हॅच उघडून बघत होते. शेजारच्या बोटीवरचा एक ऑस्ट्रेलियन दाराशी येऊन थांबला, बाई इंजिनाला फोन का ऐकवते आहे म्हणून. तुम्ही रेस कमी करायला लावलीत, वाढवायला लावलीत, परत कमी. मग म्हणालात :

“हाई इंजिन म्हातारं व्हयनं, पन मरेल नही शे.”

गळतीचं तुम्ही विचारलंत, मागून का पुढून? मागून, फ्लायव्हीलच्या बाजूने. मग तो मागच्या सीलचा जुनाच रोग आहे, खाली ट्रे ठेव, तेल मोजत जा, असं तुमचं उत्तर. पुढे पुष्कळ जणांकडून ऐकलं की ४.१०८ च्या या खोडीवर जगभरचे लोक असाच ट्रे ठेवून जगतात.

त्या एका सकाळीमुळे बोट आमची झाली. अहवालातल्या इंजिनाच्या शेऱ्यामुळे मालकांनी किंमत उतरवली. इंजिन मात्र आम्ही बदललं नाही. वाचलेला पैसा तारांवर घातला. सगळ्या एकोणीस पदरी तारा नव्या, शिवाय त्या ज्या पट्ट्यांना बांधतात त्या पट्ट्या डेकमधून उपटून तपासल्या. वरून चकचकीत दिसणारी एक पट्टी डेकच्या आत, जिथे ओल राहते आणि हवा लागत नाही, तिथे खड्डे पडून खाल्ली गेली होती. ती तुटली असती तर डोलकाठी पाण्यात. यादीतल्या रडारचा तेव्हा काडीचाही उपयोग झाला नसता, आणि नवं इंजिन घेतलं असतं तर या पट्ट्या उपटायला पैसे उरले नसते.

कागदपत्रांचं मी इथे लिहीत नाही. ते पुराण वेगळं, आणि तुम्हाला त्यात रस नाही.

मधल्या काळात मी चोपड्याला आले तेव्हा तुम्ही शेडच्या मागे भंगारातलं सिम्प्सन इंजिन लाकडी ओंडक्यांवर चढवून ठेवलं होतंत. मे महिना, पत्रा तापलेला, नट खोलायचे पाने हातात धरवत नव्हते. मला वाटलं तुम्ही दाखवाल आणि मी बघेन. तुम्ही खुर्ची टाकून बसलात आणि मलाच फिल्टर खोलायला लावला. एअर काढणं, म्हणजे डिझेलच्या वाटेत अडकलेली हवा बाहेर घालवणं, तर किती वेळा करून घेतलंत! फिल्टरवरचा स्क्रू सैल, फीड पंपाची दांडी हाताने मारत राहा, बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार आली की स्क्रू बंद. मग डिझेल पंपावरचे स्क्रू. मग नोझलचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ. शेवटी डोळे मिटून करायला लावलंत, तेव्हा शेडमधली पोरं हसत होती. तुम्ही हसला नाहीत.

बोटीच्या इंजिनाची एक गोष्ट तुम्हाला नवीन होती. सायलेन्सरमधून धुराबरोबर पाणी बाहेर पडतं. रेडिएटर-पंखा नाही, समुद्राचं पाणी ओढून इंजिनाचं पाणी थंड करायचं आणि तेच सायलेन्सरमध्ये सोडून द्यायचं. मी कागदावर आकृती काढून दाखवली. तुम्ही बराच वेळ कागद फिरवून पाहिलात आणि विचारलंत, इंजिन धरलं नाही आणि तू सेल्फ मारतच राहिलीस तर हे पाणी जाणार कुठे? धूर ढकलायला नाही, म्हणजे सायलेन्सर भरणार आणि पाणी उलटं सिलिंडरमध्ये. एअर काढताना पाण्याचा कॉक बंद ठेव, इंजिन धरलं की लगेच उघड. समुद्र न पाहिलेल्या माणसाने कागदावरून हे ओळखलं. बोटवाल्यांच्या पुस्तकांत हाच इशारा असतो.

लांगकावीहून श्रीलंकेतलं गॉल सुमारे १,२०० सागरी मैल. ईशान्येच्या वाऱ्याच्या दिवसांत निघालो. सुमात्राचं उत्तर टोक आणि ग्रेट निकोबार यांच्या मधून जाताना वारा पडला. तो जहाजांचा हमरस्ता. मलाक्काच्या सामुद्रधुनीला जाणारी-येणारी बहुतेक मोठी जहाजं तिथून जातात. शिडं लोंबत होती, लाटा मात्र जुन्याच, बोट दोन्ही कुशींवर लोळत होती. इंजिन चालू होतं. रात्री आवाज बदलला. बंद पडलं नव्हतं, नुसतं दमलं, परत सावरलं, परत दमलं. तुमच्या शेडमध्ये बसले नसते तर मला तो फरक कळलाच नसता. डिझेल अडतंय, हे मी वर ओरडून सांगितलं, आणि मग ते थांबलं.

लाटांनी टाकीच्या तळातला गाळ ढवळून निघाला होता. उष्ण दमट हवेत डिझेलमध्ये पाणी साचलं की त्यात जंतू वाढतात आणि काळा चिकट थर धरतो. तो सगळा फिल्टरच्या काचेत येऊन बसला होता. आसपासची जहाजं पडद्यावर दाखवणाऱ्या एआयएसवर एक कंटेनर जहाज आमच्या दिशेने दिसत होतं. यांनी व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबरवरून त्यांना सांगितलं की आमचं इंजिन बंद आहे. तिकडून शांतपणे उत्तर आलं की ते दिशा बदलत आहेत. मी खाली पाण्याचा कॉक बंद केला, दोन्ही फिल्टर बदलले, दांडी मारायला लागले. कपाळावरचा दिवा घामाने घसरत होता, तो काढूनच टाकला. हाताला स्क्रू सापडत होते. नोझलचा दुसरा नट सैल केला आणि इंजिनाने धरलं. कॉक उघडला, मागे पाणी पडल्याचा आवाज आला तेव्हा यांनी वरून विचारलं, “चहा टाकू का?”

आता पावसाळाभर बोट कोचीत बांधलेली आहे. इथे शेजारी बरीच माणसं, बहुतेक परदेशी. मागच्या आठवड्यात एका फ्रेंच जोडप्याच्या बोटीत, पंखा फिरवणारा शाफ्ट जिथे बाहेर पडतो तिथल्या पाणी अडवणाऱ्या ग्लँडमधून पाणी येत होतं आणि त्यांनी नट घट्ट करून करून शाफ्ट तापवला होता. विहिरीवरच्या पंपाची ग्लँड दोरी बदललेल्या कुठल्याही शेतकऱ्याला जे कळतं तेच मी सांगितलं : चालताना थेंब-थेंब पडलंच पाहिजे. त्यांनी मला विचारलं, कुठे शिकलात? चोपडा हे नाव त्यांना तीनदा म्हणून दाखवलं.

बोटीवर केळी नेऊ नयेत, असा तिकडच्या दर्यावर्दींचा समज आहे. अपशकुन म्हणे. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे बापाची शेती केळीची, लग्नाच्या मांडवाला केळीचे खांब. आम्ही कुणाला अपशकुनी म्हणायचं? वेफर्सची पिशवी समोर ठेवली आणि वाद संपला. तुमच्या घरून आलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, मात्र मी कुणाला देत नाही. दादर ज्वारीच्या पिठाचा डबा संपत आलाय, तेवढं काकूंना सांगा.

आणि आता तुम्ही या. गुडघ्यांचं कारण सांगू नका. मंगला एक्सप्रेस जळगावहून थेट एर्नाकुळमला येते, गाडी बदलायची नाही, खालचा बर्थ मी काढून देते. नातवाला बरोबर घ्या. ज्या इंजिनाला तुम्ही फोनवरून जिवंत ठरवलंत त्याच्यासमोर एकदा बसा. टॅपेट सेट करायचे आहेत आणि तुमच्याशिवाय मी हात लावणार नाही. येताना जळगावातून पाव इंची ग्लँड दोरी आणा. ग्रेफाइटवाली नको, खाऱ्या पाण्यात ग्रेफाइट शाफ्टचं स्टील खातं. टेफ्लॉनची मागा, पांढरी असते. दोन मीटर पुरे.

तुमची,
लाल मॅसीवाल्यांची पोर