तुम्ही ‘बसा’ म्हणालात

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

परवा पहिल्यांदा एकटीने उलटतपासणी घेतली. पेढे घेऊन लायब्ररीत आले, तर तुम्ही जूनमध्येच निवृत्त झाल्याचं कळलं. म्हणून हे असं सगळ्यांदेखत लिहितेय.

सनद मिळाली त्या आठवड्यातली गोष्ट. एका बड्या वकिलांनी फोनवर “या” म्हटलं होतं. तासभर उभं ठेवलं आणि मग म्हणाले, मुलगा पाहिजे होता, आमच्याकडे रात्री उशीर होतो. लग्न ठरलंय का, तेही विचारून घेतलं. तिथून वकिलांच्या बार रूममध्ये आले, तर प्रत्येक खुर्ची कुणाची ना कुणाची. कपाटाला टेकून डायरी चाळल्याचं नाटक करत राहिले. तुम्ही काउंटरमागची स्वतःची खुर्ची उचलून आणलीत. “बसा वकीलसाहेब. ही माझी आहे, कुणी उठवणार नाही.”

तोवर मला वकीलसाहेब कुणीच म्हटलं नव्हतं. घरीसुद्धा नाही.

पुढे एकदा झेरॉक्सची चळत हातात ठेवलीत. “बाबासाहेबांच्या कोलंबियातली बाई आहे, वाचा.” कॉन्स्टन्स बेकर मॉटली, अमेरिकेतली कृष्णवर्णीय वकील. न्यू हेवन शहरातल्या एका स्वयंपाक्याची मुलगी, बारा भावंडांतली नववी. शाळा संपली, पुढे शिकायला पैसे नाहीत, म्हणून सरकारी योजनेत महिना ५० डॉलरवर खुर्च्यांना व्हार्निश लावत होती. तिचं एक भाषण ऐकून क्लॅरेन्स ब्लेकस्ली नावाच्या श्रीमंत गोऱ्या कंत्राटदाराने तिच्या शिक्षणाचा खर्च उचलला. बाईने वकील व्हावं की नाही, यातलं त्याला फारसं कळत नव्हतं म्हणे. तरी पैसे दिले. अशी माणसं मला फार आवडतात, पटेपर्यंत अडून न बसणारी.

कोलंबिया विद्यापीठात शिकताना ती वकिलांच्या एका फर्ममध्ये मुलाखतीला गेली. स्वागतकक्षातल्या बाईने साधं ‘बसा’ म्हटलं नाही. साहेबांनी दारातून चेहरा पाहिला, संपली मुलाखत. त्या ओळीखाली तुमच्या पेन्सिलची रेघ होती. मी तिथेच रडले, तुम्ही पंखा वाढवून निघून गेलात.

बाकीचं सगळ्यांना पाठ असतं. नागरी हक्कांसाठी लढणारे वकील थर्गुड मार्शल यांनी तिला कामावर घेतलं, शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या ब्राऊन खटल्याच्या मूळ दाव्याचा मसुदा तिने लिहिला, १९६२ मध्ये जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला तोवर फक्त गोऱ्यांच्या असलेल्या मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मिळवून दिला. सर्वोच्च न्यायालयात दहा खटले लढवून नऊ जिंकले. १९६६ मध्ये ती फेडरल न्यायाधीश झाली, असं पद मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री. पण माझं आवडतं पान १९७५ चं. वकील स्त्रियांनी एका बड्या फर्मवर भेदभावाचा दावा लावला होता. फर्मचं म्हणणं, न्यायाधीश कृष्णवर्णीय आणि त्यातून बाई, त्यांनी बाजूला व्हावं. तिने उत्तर दिलं की वंश, लिंग, पूर्वायुष्य एवढ्यावर न्यायाधीश बाद होणार असेल, तर या कोर्टात हा खटला चालवायला कुणीच उरणार नाही. ती हलली नाही. खटला तिच्याकडेच राहिला.

पोटगीच्या एका प्रकरणात समोरचे वकील मला म्हणाले, “मॅडम, तुम्ही बाई म्हणून भावनिक होताय.” मला ते पान आठवलं. “आणि आपण कोण म्हणून बोलताय?” एवढंच विचारलं. शिरस्तेदारसुद्धा हसले.

तुमच्या जागी आता नवीन मुलगा आहे. खुर्ची तीच, डावा हात ढिला झालाय. पेढे त्याच्याकडे ठेवलेत, रविवारी घरी आणून देतो म्हणालाय. डबा परत पाठवू नका.

तुमची,
कपाटाला टेकलेली वकीलसाहेब