काकाजी, कॅमेरा कोणता ते सगळेच विचारतात

काकाजी, सप्रेम नमस्कार.

मोबाइलवर तुम्ही काही वाचत नाही. हे पत्र तुमचा नातू वाचून दाखवील, तसं त्याच्याकडून मी कबूल करून घेतलंय. घरी येऊन बोलले असते, तर तुम्ही "त्यात काय मोठं" म्हणून काकूंना चहा ठेवायला सांगितला असता आणि विषय तिथेच संपला असता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. आणखी एक आहे. माझे झाडांचे फोटो पाहून लोक कॅमेरा कोणता, लेन्स कोणती ते विचारतात. मी नाव सांगते आणि गप्प बसते. तुमच्याबद्दल सांगायचं राहूनच जातं, आणि ते मला फार दिवसांपासून खुपतंय.

आठवतं का, मनसरच्या अलीकडे, जबलपूर रोडला लागून पळस फुलला होता? फेब्रुवारीतली दुपार, दोन वाजले असतील. आकाश पांढरं पडलेलं. माझ्या फोटोंत फुलं विटकरी आणि फांद्या कोळशासारख्या येत होत्या. तुम्ही चहाच्या टपरीवर बसून बराच वेळ बघत होता. मग उठून आलात. "दुपारी काहून आली बाई? दुपारी त्याच्याकडं कोणीच येत नाही. सकाळी ये."

दुसऱ्या दिवशी सातला पोहोचले, तर तुम्ही आधीच तिथे. साळुंक्या, बुलबुल, इवलासा शिंजीर, सगळे त्या झाडावर तुटून पडले होते. सूर्य फुलांच्या मागे होता, आणि पाकळ्यांतून आरपार येणारा तो केशरी उजेड मी पहिल्यांदा पाहिला. उन्हाकडे तोंड करून फोटो काढायचा नाही, असं मला कुणीतरी शिकवलं होतं. त्या सकाळी ते सुटलं. परत निघताना तुम्ही म्हणालात, "आता पोळ्याले ये. हेच झाड पाय."

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी त्या झाडावरून गाडी पुढे नेली. ओळखलंच नाही! सगळीकडे हिरवं, त्यात तेही हिरवं. दारी मेढे लावायला लोक पळसाच्या डहाळ्या नेत होते. 'पळसाला पाने तीनच' शाळेपासून म्हणत आले, पण एका देठावरची तीन पानं बोट लावून मोजली ती त्या दिवशी. फेब्रुवारीचा आणि पोळ्याचा फोटो आता शेजारी शेजारी लावले आहेत. बघणाऱ्याला वाटतं, दोन झाडं आहेत. तिथून पुढे नवनवी ठिकाणं शोधत फिरणं मी कमी केलं आणि ठरलेल्या झाडांकडेच परत परत जाऊ लागले.

एक प्रसंग लिहिताना आजही कान गरम होतात. ऐनाच्या बुंध्याचा फोटो घेत होते. सकाळचं तिरपं ऊन सालीच्या भेगांत शिरलं होतं, मगरीच्या पाठीसारखी ती साल नुसती उठून दिसत होती. मध्ये एक वाळकी काडी आडवी येत होती. मी हात घातला तोडायला. तुम्ही ओरडला नाहीत. माझा हात धरलात, ट्रायपॉड उचललात आणि दोन पावलं डावीकडे ठेवलात. "फांदी काहून तोडू राहिली? तूच सरक ना." इतकी वर्षं वनरक्षक म्हणून बीट, म्हणजे जंगलाचा नेमून दिलेला भाग, सांभाळलेल्या माणसानं मला किती बोलायला हवं होतं, आणि तुम्ही एवढंच बोललात. त्यानंतर मी चौकट साफ करायला एक पानसुद्धा तोडलेलं नाही. सरकल्यावर नेहमी काहीतरी अधिक चांगलं दिसतं, हेही सांगायला हवं.

कुलूचं झाडही तुम्हीच दाखवलंत, रामटेकच्या पुढे खडकाळ उतारावर, मार्चच्या शेवटी. अंगावर एक पान नाही, साल कागदासारखी सुटलेली, आत पांढरंफटक खोड. डिंकासाठी कुणी केलेल्या जुन्या खाचा तुम्ही बोटानं दाखवल्यात. मला सूर्यास्ताचा फोटो हवा होता. तुम्ही म्हणालात, सूर्य जाऊ दे. पंधरा मिनिटांनी आजूबाजूचं सगळं जंगल काळवंडलं आणि ते एकटं झाड उजळल्यासारखं उभं राहिलं. आठ सेकंदांचं एक्स्पोजर दिलं, म्हणजे तेवढा वेळ कॅमेरा उघडा आणि काही हललं की फोटो पुसट. वारा होता, म्हणून मी घाबरत होते. तुम्ही हसलात. "पानंच नाहीत, तर हलंल काय?" कॅमेऱ्याला तुम्ही कधी बोट लावलेलं नाही, आणि तरीही मला सुचायला हवं होतं ते तुम्हाला आधी सुचलं.

आणि काटोलची ती संत्र्याची बाग. डिसेंबरात मी पानं मलूल होऊन लोंबलेल्या झाडांचे फोटो काढले आणि खाली एकच शब्द लिहिला, 'दुष्काळ'. मोठ्या मनानं लिहिला होता. शेतकऱ्यांबद्दल वाटत होतं म्हणूनच. तुम्ही तो फोटो पाहिलात आणि बराच वेळ काही बोलला नाहीत. मग मला त्याच बागेत घेऊन गेलात आणि मालकाकडूनच वदवलंत, की बाग वाळत नाही, तिला ताण दिलाय. आंबिया बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्यासाठी, पाणी मुद्दाम तोडायचं, झाडाची वाढ थांबवायची आणि मग पाणी सोडायचं, म्हणजे सगळी झाडं एकदम फुलतात. विहिरीला पाणी होतं. जानेवारीच्या शेवटी पुन्हा गेलो, तेव्हा बाग पांढऱ्या फुलांनी भरली होती आणि वासानं डोकं भणभणत होतं. मी 'दुष्काळ' खोडलं. दुष्काळ विदर्भात खोटा नाही, पण त्या झाडांवर मी तो लादला होता. आता कुठल्याही फोटोखाली लिहिण्याआधी ज्याचं झाड आहे त्याला विचारते.

बाकीही पुष्कळ आहे. पावसाळा सरता सरता सागाची पानं जाळीदार होतात, ती मी वाळली समजत होते. ते अळीचं काम असतं, हिरवा भाग खाऊन ती नुसत्या शिरा सोडते, हे तुम्ही पान उन्हाकडे धरून दाखवलंत. सेमिनरी हिल्सवर धुकं असलं की कॅमेरा ते करडं करून टाकतो, म्हणून एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजेड वाढवते. पण एवढं मला आधीपासून येत होतं. धुक्यातलं झाड साग आहे की धावडा, हे तुमच्यामुळे कळायला लागलं.

मोहाचा फोटो मात्र अजून झालेला नाही. गेल्या मार्चमध्ये सिल्लारीच्या वाटेवर, शेताच्या धुऱ्यावरच्या त्या मोहाखाली आपण अंधारातच पोहोचलो होतो. फुलं टपटप पडत होती, बाया टोपल्या घेऊन वेचत होत्या. मी कॅमेरा काढला, तर तुम्ही म्हणालात, "आधी वेचू लाग त्यायले." वेचायला बसले. बायांनी जागा करून दिली, नाव-गाव विचारलं, एकीनं माझी ओढणी फुलांनी भरली. उठले तोवर ऊन डोक्यावर आलं होतं आणि झाडाखाली एक फूल उरलं नव्हतं. त्या दिवशीचा एकही फोटो माझ्याकडे नाही. ओढणीला वास मात्र कितीतरी दिवस होता.

यंदा होळी झाली की पुन्हा जाऊ. गुडघ्याचा पट्टा विसरू नका. काकूंना सांगा, चहा मी थर्मासमध्ये घेऊन येते, त्यांनी पहाटे उठू नये. साडेतीनला दाराशी गाडी लावते. आधी वेचू, मग बघू उजेड उरतो का.

तुमची,
फोटोवाली पोरगी, नागपूर