बी विंगमागची छाटणी १ जूनवर न्यावी, याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव व व्यवस्थापक समिती सदस्य,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, कोल्हापूर

दि. १८ मे

विषय : मागच्या परड्यातल्या कुंपणातील घरटं व पिल्लं बाहेर पडण्याच्या काळात घ्यायची काळजी

महोदय,
स. न. वि. वि.

नोटीस बोर्डावर लागल्याप्रमाणे पावसाळ्यापूर्वीची छाटणी २१ मे रोजी आहे. गेटजवळची आणि पार्किंगकडची बाजू त्या दिवशी करून घ्यायला काहीच हरकत नाही. बी विंगमागचं जास्वंद-मेंदीचं कुंपण आणि त्यावर चढलेली मधुमालती मात्र १ जूनपर्यंत आहे तशी ठेवावी, एवढी विनंती आहे. त्यानंतरही मृग नक्षत्राला जवळजवळ आठवडा उरतो, त्यामुळे पावसाआधी काम उरकेल.

कुंपणाच्या पंपरूमकडच्या टोकाला, जमिनीपासून साधारण पाच फुटांवर, लालबुड्या बुलबुलाचं घरटं आहे. त्यात तीन पिल्लं आहेत. त्यांचे डोळे उघडलेत, पंखांवर काळपट नळ्या आल्यात आणि काही नळ्यांच्या टोकांतून पिसं डोकावतायत. म्हणजे अंड्यातून बाहेर येऊन त्यांना सहा-सात दिवस झाले. बुलबुलाची पिल्लं बाराव्या-तेराव्या दिवसाच्या आसपास घरटं सोडतात. हिशेब केला तर २३ ते २५ मे.

छाटणीसाठी ठरलेली २१ तारीख या हिशेबात सगळ्यात वाईट पडते. अगदी लहान पिल्लू धक्का बसला की घरट्याच्या तळाशी दबून बसतं. नवव्या-दहाव्या दिवसानंतर त्याच धक्क्याला ते उलट वागतं : फांदी जोरात हलली, कात्रीचा आवाज झाला की तिन्ही पिल्लं एकदम बाहेर उड्या टाकतात. पाय धड असतात, पंख अजून कामाचे नसतात. परत ठेवली तरी पुन्हा उडी मारतात, कारण एकदा घाबरून सुटलेलं पिल्लू घरट्यात स्वस्थ बसत नाही. दोन-तीन दिवस आधी बाहेर पडलेल्या अशा पिल्लांना मग मांजर किंवा कावळा सहज गाठतो.

माळीकाका म्हणतील, 'घरट्याची फांदी तेवढी सोडतो की साहेब.' त्यांचा हेतू चांगलाच असतो, पण त्याचा उपयोग होत नाही. घरट्याला सावली आणि आडोसा देते ती भोवतालची पानं. ती गेली की दुपारचं ऊन थेट पिल्लांवर येतं आणि वाटीसारख्या उघड्या घरट्यातली पिल्लं त्या उन्हात काही तासांत दगावू शकतात. शिवाय कावळ्याला आणि भारद्वाजाला घरटं लांबून दिसायला लागतं. भारद्वाज लाजरा दिसतो, पण दाट झुडपात शिरून अंडी-पिल्लं खाण्यात तो पटाईत आहे. वळवाच्या वाऱ्यात फांद्या एकमेकींना धरून असतात. एकटी उरलेली फांदी जास्त हेलकावते आणि घरटं कलंडतं. म्हणून घरट्याच्या दोन्ही बाजूंना किमान दहा-दहा फूट कुंपण अखंड राहू द्यावं. पाणी घालायचं असेल तर मुळाशी, पाइपचा फवारा वर न मारता.

पिल्लं बाहेर पडताना पाहण्यासारखी असतात, आणि मुलांना सुट्टी आहे. बघायला चांगली जागा म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या जिन्याची खिडकी. तिथून घरटं तीसेक फुटांवर आहे. दुर्बीण असेल तर उत्तम, नसली तरी चालतं. वेळ सकाळी सहा ते नऊ. शेवटचे एक-दोन दिवस पिल्लं वाटीच्या काठावर उभी राहतात, पंख फडफडवतात, एकमेकांना ढकलतात. आई-बाप चोचीत अळी किंवा फळ घेऊन येतात, पण लगेच भरवत नाहीत. तीन-चार फुटांवरच्या फांदीवर बसून बोलावत राहतात. कधी तासाभरात तिन्ही निघतात, कधी एखादं दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळतं. पहिली झेप म्हणजे खाली-तिरकी भरारी, शेजारच्या झुडपापर्यंत, नाहीतर सरळ जमिनीवर.

या टप्प्यावर आपल्याकडून सर्वाधिक चुका होतात. पिल्लू खाली दिसलं की ते 'पडलं' असं आपण धरून चालतो आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून घरी नेतो. अंगभर पिसं, आखूड शेपटी, चोचीच्या कोपऱ्यांना फिकट मऊ कडा आणि टुणटुण उड्या, असं पिल्लू दिसलं तर ते स्वतःहून निघालेलं आहे. आई-बाप आसपास असतात आणि पुढचे बरेच दिवस त्याला भरवतात. रस्त्यावर किंवा मांजराच्या वाटेवर असेल तरच हळूच उचलून जवळच्या झुडपात, कमरेएवढ्या उंचीच्या फांदीवर ठेवावं आणि लांब जावं. माणूस जवळ उभा असेपर्यंत आई-बाप खाली उतरत नाहीत; मग 'कुणीच येत नाही, टाकून दिलं' असा निष्कर्ष आपणच काढतो. तासभर खिडकीतून बघितलं की खरं काय ते कळतं.

उघडं-नागडं किंवा अर्धवट पिसांचं पिल्लू मात्र खरोखर पडलेलं असतं. ते परत घरट्यात ठेवावं. माणसाचा हात लागला की आई-बाप पिल्लाला टाकतात हा समज चुकीचा आहे, निर्धास्त उचलावं. घरटंच खाली आलं असेल तर छोटी वेताची परडी किंवा तळाला भोकं पाडलेला आइस्क्रीमचा डबा घ्यावा, त्यात सुकं गवत घालावं आणि मूळ जागेजवळ, तेवढ्याच उंचीवर, सावलीत तारेने घट्ट बांधावा. कापूस, सुतळी, काथ्या घालू नये. धागे पायांना गुंडाळतात आणि पाय निकामी होतात. तोंडात पाणी सोडू नये, ते श्वासनलिकेत जातं. दूध-पाव तर नकोच. जखमी असेल किंवा मांजराने तोंडात धरलेलं असेल, तर वरून काही दिसत नसलं तरी वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करावा. मांजराच्या दातांची जखम दिसत नाही, पण चिघळते. बरं वाटल्यावर हौसेनं पिंजऱ्यात ठेवणं कायद्याने चालत नाही, हेही नोटिशीत लिहावं.

समितीने वॉचमन आणि सफाई कामगारांना ३१ मेपर्यंत काही गोष्टी सांगून ठेवाव्यात. मांजरांचं खाणं सध्या पंपरूमच्या पायरीवर, म्हणजे घरट्याच्या अगदी खाली ठेवलं जातं. ते गेटकडे हलवावं. खाणं बंद करू नये, उपाशी मांजर जास्त शिकार करतं. पंपरूममागचे उंदरांचे गोंदाचे कागद उचलावेत, त्यावर उंदराआधी पिल्लू चिकटेल. उघड्या टाकीवर झाकण ठेवावं, आणि बादल्या-पिंप रिकामे करता येत नसतील तर आत एक फांदी आडवी तिरकी ठेवावी, म्हणजे पिल्लू पडलं तरी धरून वर येईल. मागचा हॅलोजन थेट कुंपणावर पडतो, तो पार्किंगकडे वळवावा. किडीसाठी फवारणी नको : या दिवसांत पिल्लांना भरवल्या जाणाऱ्या अळ्या याच पानांवरच्या असतात. डासांची धूर फवारणी आली तर ती रस्त्याच्या बाजूने करून घ्यावी. मुलांचं क्रिकेट तेवढे दिवस पुढच्या बाजूला.

घरट्याजवळ जाऊन फोटो काढू नयेत, फांदी वाकवून तर नाहीच. कावळे माणसांवर लक्ष ठेवून असतात. चार जण जिथे वाकून बघतात तिथे काहीतरी आहे हे त्यांना बरोबर समजतं.

बाकी इमारतीतही हंगाम चालूच आहे. ए विंगच्या जिन्यातल्या केबलला लोंबणारी कोळिष्टक-काटक्यांची मळकट पिशवी म्हणजे शिंजिर या छोट्या पक्ष्याचं घरटं आहे. वरच्या बाजूला छोटं दार दिसतं. झाडणाऱ्या मावशींना दाखवून ठेवावं, नाहीतर जळमट समजून तेच पहिलं निघेल. रुंद पानं कापण्याआधी माळीकाकांनी मागची बाजू बघावी, दोन पानं कडेने शिवलेली असली तर आत शिंपी पक्ष्याचं घरटं असतं. गुलमोहराची वाळकी फांदी पाडण्याचं ठरलं आहे. तिला एक गोल भोक आहे आणि तांबट पक्षी ये-जा करतो. फांदी रस्त्यावर झुकलेली नाही, तेव्हा पावसाळ्यानंतर, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घेऊनच ती काढावी. नारळावरचे कावळे डोक्यावर झेपावतात ही तक्रार खरी आहे. त्यांची पिल्लं बाहेर पडून नीट उडायला लागली की ते आपोआप थांबतं. तोवर तिथून जाताना छत्री उघडावी. काठीने घरटं पाडलं तर कावळे अधिक चिडतात.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधल्या 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणंही धरलेलं आहे. हे कुणाला धमकावण्यासाठी लिहीत नाही. छाटणीचा ठेका देताना एप्रिल ते ऑगस्टमध्ये आधी घरटी बघून मगच कात्री लावायची, अशी एक ओळ करारात घातली तर दरवर्षी असं पत्र लिहावं लागणार नाही.

पिल्लं निघाली की त्याच दिवशी वॉचमनकडच्या वहीत तारीख लिहून ठेवू. त्यानंतर पाच-सहा दिवस ती कुंपणातच वावरतील, म्हणून १ जून सुचवली आहे; उशिरा निघाली तर तेवढेच दिवस पुढे. माळीकाकांना त्यासाठी पुन्हा यावं लागेल. त्या जादा फेरीची मजुरी सोसायटीच्या खात्यावर न टाकता आमच्याकडून घ्यावी.

कळावे,
बी विंग, तळमजला व पहिल्या मजल्यावरील सभासद