गोल्फ खेळून आलो बे!

सोलापूर, रविवार

बाळ्या,

काय बे, फोन उचलत नाहीस म्हणून शेवटी लिहायलाच बसलो. मी गोल्फ खेळून आलोय. हस, आधी पोटभर हसून घे, मग पुढचं वाच.

झालं असं की मेहुण्याला ऑफिसातून पुण्याच्या पलीकडच्या एका डोंगरातल्या रिसॉर्टची दोन रात्रींची कूपनं मिळाली, त्याची बायको माहेरी, तो म्हणाला दाजी चला. निघालो. वाटेत भिगवणला चिलापी हाणली, ट्रिप तिथंच वसूल.

पहिला घोळ गोल्फच्या गेटवरच. गोल गळ्याचा टी-शर्ट चालत नाही म्हणे, कॉलर पाहिजे. तिथल्याच दुकानातून घ्यावा लागला, किंमत सांगत नाही, तेवढ्यात अख्ख्या घराला चादरी आल्या असत्या.

कॅडी, म्हणजे काठ्या वाहायला, शेजारच्या गावचं एक पोरगं. एका खेळाडूला जास्तीत जास्त 14 काठ्या नेता येतात, त्यातली सेव्हन आयर्न त्यानं माझ्या हातात दिली. मला वाटलं, बॉल गप पडलाय, बॉलिंग कोण करंना, ह्यात काय अवघड आहे बे? तीनदा हवेत फिरवली. चौथ्यांदा बॉल जागेवरच आणि तळहाताएवढं गवताचं ढेकूळ उडून लांब पडलं. पोरगं काही बोललं नाही. ढेकूळ उचलून आणलं, भोकात नीट बसवलं, कडेनं बाटलीतली वाळू टाकली आणि बुटानं हळू दाबलं, रोप लावल्यासारखं. मलाच कसंतरी झालं. मग म्हणतंय, "दाजी, क्रिकेट विसरा, बॉल गेला तरी डोकं वर काढू नका." मेहुण्याचं ऐकून तोपण दाजीच म्हणायला लागलेला.

आणि मग एक लागला रे! फक्त 'टक्' आवाज, हाताला काहीच कळलं नाही, पार्क मैदानावर बॅटच्या मधोमध बसला की व्हायचं ना, तसंच. दिवसभरात तेवढा एकच. पुढं त्या सव्वाचार इंची होलमध्ये बॉल ढकलताना घाम निघाला, पाच फुटांवरून चार टोले, आणि 'पार 4' चा, म्हणजे चार टोल्यांत संपवायचा होल मी 11 मध्ये संपवला. मेहुण्यानं लिहूनपण ठेवलंय.

संध्याकाळी व्हरांड्यात चहा घेत बसलो होतो, समोर त्या हिरवळीवर कारंजी फिरालीत, फिरालीत, थांबायचं नाव नाही, आणि तेवढ्यात बायकोचा फोन, "नळ आलाय चार दिवसांनी, मोटर चालू होईना, काय करू?" चहा गोड लागंना बघ. जेवणपण तसलंच, नाव लांबलचक आणि चव बेताची, नेलेली शेंगाचटणी काढली तेव्हा कुठं दोन घास गेले.

तरी तो 'टक्' काय डोक्यातून जाईना. डिसेंबरात हुरड्याला शेतावर ये, बांधाजवळ एक डबा पुरून ठेवतो, काठी हॉकीची चालेल. फक्त कॉलरचा शर्ट घालून ये बे, नाहीतर बांधावरच अडवीन.

तुझाच,
पप्या