मुलांना कृष्णविवराची भीती कशाला घालता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतलं मुलांचं पान मी आजवर कौतुकाने वाचत आलो. कालचं वाचून मात्र गप्प बसवत नाही. 'कृष्णविवराची तोंडओळख' हा मथळा आणि त्याखाली अर्धं पान चित्र: जबडा वासलेला काळा भोवरा, त्याच्या तोंडाशी आपली पृथ्वी आणि तिच्यावरून उडून आत निघालेली घरं, झाडं, माणसं. मजकुरात 'राक्षस' चार वेळा, 'गिळतो' सहा वेळा. मी मोजले. कृष्णविवर म्हणजे जिथून प्रकाशही सुटू शकत नाही इतकं एका जागी दाबलेलं वस्तुमान. पण वस्तुमान (रोजच्या बोलण्यात आपण वजन म्हणतो ते) हा शब्द मात्र एकदाही नाही.

माझी नात सहावीची परीक्षा देऊन सुट्टीला आली आहे. उन्हाळ्यात आमचं सगळं घर गच्चीवर झोपतं, आणि तिला तर त्यासाठीच इकडे यायचं असतं. काल रात्री तिने अंथरूण गुंडाळलं आणि खाली आतल्या खोलीत जाऊन पडली. मध्यरात्री वीज गेली तरी वर येईना. घामाने भिजली होती. "वर नको आजोबा, ते ओढून घेईल," एवढंच म्हणत होती. आपलं पान तिच्या उशाशी होतं.

संपादक महाराज, हे मी दुसऱ्यांदा पाहतो आहे. सप्टेंबर 2008 मध्ये मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीचा वर्गशिक्षक होतो. गणपतीचे दिवस होते. जिनिव्हाजवळ सूक्ष्म कण एकमेकांवर आदळवून पाहण्याच्या प्रयोगातून कृष्णविवर तयार होणार आणि बुधवारी, 10 तारखेला, पृथ्वी त्यात जाणार, अशी हूल गावोगाव पसरली होती. एका वाहिनीवर तासातासाने तेच दाखवत होते, एका वर्तमानपत्रात पहिल्या पानावर तेच. मंगळवारी माझ्या वर्गातल्या एका मुलाने आपल्या सगळ्या गोट्या वर्गात वाटून टाकल्या. पत्र्याचा डबा भरून होत्या, दोन वर्षं जिंकून जमवलेल्या. मी विचारलं, तर म्हणाला, "उद्यापासून कोण खेळणार, सर?" बुधवारी तो आला नाही. मी घरी गेलो, तर आईने त्याला जवळ घेऊन बसवलेलं. जे व्हायचं ते सगळे सोबत असताना होऊ दे, असं त्या माउलीचं म्हणणं. त्या दिवशी माझ्या वर्गात 41 पैकी 17 मुलं होती.

त्या बुधवारी खरोखर काय झालं? 27 किलोमीटर घेराच्या बोगद्यातून प्रोटॉनचा, म्हणजे अणूच्या गाभ्यातल्या कणांचा, झोत पहिल्यांदा पूर्ण फिरवला गेला. टक्कर झालीच नाही. टकरी सुरू झाल्या नोव्हेंबर 2009 मध्ये. आणि त्या यंत्रात जेवढी ऊर्जा देता येते त्याहून कितीतरी जास्त ऊर्जेचे कण अंतराळातून येऊन आपल्या वातावरणावर आदळतच असतात. पृथ्वी सुमारे 450 कोटी वर्षांची आहे, म्हणजे तेवढा काळ हा मारा चालू आहे, आणि ती जागेवर आहे. ही चार वाक्यं त्या आठवड्यात कोणी ठळक छापली असती, तर माझी 24 मुलं शाळेत आली असती. भीती पहिल्या पानावर आली आणि खुलासा कुठे आला, आला की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

गुरुवारी तो मुलगा आला, मान खाली घालून. मुलं त्याच्या गोट्या परत देईनात. त्या मी गोळा करून दिल्या आणि त्यातलीच एक मोठी गोटी हातात धरून शिकवायला घेतलं. त्याचे वडील जिनिंगमध्ये हमाली करायचे, म्हणून सुरुवात तिथून केली. वेचलेला कापूस खोलीभर पसरतो. दाबून त्याची गाठ बांधली की कोपऱ्यात मावतो. वजन वाढलं का? "नाही सर, तेवढंच." मग सांगितलं, पृथ्वी अशीच दाबत दाबत नेली, तिचं सगळं वजन कायम ठेवून, आणि तिची त्रिज्या 9 मिलिमीटरच्या आत आणली, म्हणजे ती साधारण या गोटीएवढी केली, तर तिचं कृष्णविवर होईल. आता सांगा, वर फिरणाऱ्या चंद्राचं काय होईल? सगळा वर्ग ओरडला, "पडेल!" तो एकटा बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "वजन तेवढंच आहे तर चंद्राला काय कळणार?"

हेच तर आहे! चंद्र आज फिरतो तसाच, तेवढ्याच अंतरावरून, तेवढ्याच वेळात फिरत राहील. सूर्याच्या जागी सूर्याच्याच वजनाचं कृष्णविवर ठेवलं तर आपण अंधारात गोठून जाऊ, पण ओढले जाणार नाही. पृथ्वी वर्षाची फेरी वर्षातच पुरी करील. कृष्णविवर लांबच्याला ओढून आणत नाही. फरक पडतो तो फार जवळ गेल्यावर, कारण एवढं वजन एवढ्याशा जागेत असल्यामुळे त्याच्या फार जवळ जाता येतं. जिच्या आत गेलं की परत येता येत नाही ती हद्द सूर्याच्या बाबतीत 3 किलोमीटर. आजचा सूर्य आहे सुमारे 7 लाख किलोमीटर त्रिज्येचा, त्यामुळे त्याच्या मध्यापासून 3 किलोमीटरवर पोचून त्याचं सगळं वजन खाली ठेवताच येत नाही. सातवीच्या मुलाला हे गोटी आणि कापसावर कळलं. आपल्या लेखकांना अर्धं पान मिळालं होतं.

प्रकाश बाहेर का पडत नाही, याला तर लेखात 'तो प्रकाशही खातो' एवढंच उत्तर आहे. आमच्याकडे ज्वारी राखताना गोफण चालवलेली पोरं आहेत. दगड जितक्या जोराने सुटेल तितका वर जातो हे त्यांना सांगावं लागत नाही. पृथ्वीवरून कायमचं सुटायचं तर सेकंदाला 11.2 किलोमीटर वेग हवा, सूर्याच्या पृष्ठभागावरून 618 किलोमीटर. वजन तेवढंच ठेवून सूर्य आवळत गेलात की हा आकडा वाढत जातो, आणि 3 किलोमीटरच्या हद्दीवर तो प्रकाशाच्या वेगाला, सेकंदाला 3 लाख किलोमीटरला, जाऊन भिडतो. त्याहून वेगवान काहीच नाही, म्हणून आतून काहीच सुटत नाही. हा विचार जॉन मिचेल या इंग्रज पाद्र्याने 1783 मध्ये कागदावर मांडला होता, आइन्स्टाइनच्या जन्माआधी जवळजवळ शंभर वर्षं. पुढचं गणित बदललं, पण पहिल्या पायरीला मुलांना हे पुरतं. यात राक्षस कुठे येतो?

लेखात एक फार मोठी गोष्ट राहून गेली, आणि मुलांना तीच सगळ्यात आवडते: जे दिसत नाही ते आहे हे कळलं कसं? रात्रीच्या खळ्यात मधला खांब दिसला नाही, तरी बैल गोल फिरताना दिसले की खांब कुठे आहे ते कळतं. आपल्या आकाशगंगेच्या मध्याजवळ एक तारा 16 वर्षांत एक फेरी घालतो, आणि तो ज्याच्याभोवती फिरतो तिथे तारा म्हणावा असं काही दिसत नाही. अशा ताऱ्यांच्या वर्षानुवर्षं घेतलेल्या नोंदींवरून तिथलं वजन निघालं, सुमारे 40 लाख सूर्यांएवढं. त्या कामासाठी अँड्रिया गेझ आणि राइनहार्ड गेन्झेल या खगोलशास्त्रज्ञांना 2020 चं नोबेल मिळालं. ताऱ्याच्या फेऱ्या बघत इतकी वर्षं चिकाटीने बसणाऱ्या माणसांची गोष्ट मुलांना सांगायची, की जबडा दाखवायचा?

दोन चुका तर सरळ सुधारायला हव्यात. 'कित्येक प्रकाशवर्षांपूर्वी जन्मलेले' असं छापलं आहे. प्रकाशवर्ष हे अंतर आहे, साधारण साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. त्याने काळ मोजत नाहीत. दुसरी चूक त्या नारिंगी कड्याच्या छायाचित्राखाली आहे: 'ब्लॅक होलमधून निघणाऱ्या ज्वाळा'. आतून काही निघत नाही हे वरच्याच परिच्छेदात लिहिलं आणि खाली ज्वाळा काढल्या! 10 एप्रिल 2019 रोजी जगापुढे आलेलं ते चित्र 5.5 कोटी प्रकाशवर्षं दूरच्या दीर्घिकेतलं, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या दुसऱ्या प्रचंड समूहातलं, आहे, हवाईपासून स्पेनपर्यंतच्या रेडिओ दुर्बिणींनी मिळून टिपलेलं. रेडिओ लहरींना रंग नसतो, तो नारिंगी रंग नंतर भरलेला आहे. कडं आहे ते बाहेर फिरणाऱ्या तप्त वायूमुळे, आणि मधला काळोख ही विवराची सावली.

मला हे एवढं लागण्याचं आणखी एक कारण आहे. मी औंढा नागनाथ तालुक्यात राहतो. लायगो-इंडियाची, अवकाशातले तरंग टिपणारी वेधशाळा आमच्याकडे होते आहे. केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये तिला 2,600 कोटी रुपये मंजूर केले. आज सकाळी चहाच्या टपरीवर आपलीच पुरवणी हातात घेऊन एकाने मला विचारलं, "सर, ते विवर इथंच आणून ठेवणार म्हणतात, खरंय का?" काय सांगावं? काटकोनात 4-4 किलोमीटरचे दोन बाहू, त्यांतून लेसरचे किरण, आणि लांब अंतराळात दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली की अवकाशात उठणारा तरंग त्यावर टिपायचा, एवढंच तिथे चालणार आहे. असा पहिला तरंग अमेरिकेतल्या वेधशाळांनी 14 सप्टेंबर 2015 रोजी टिपला. सूर्याच्या सुमारे 36 आणि 29 पट वजनाची दोन कृष्णविवरं 130 कोटी प्रकाशवर्षांवर एक झाली होती. आपल्याच जिल्ह्यात असं केंद्र येतंय, आमच्या मुलांनी तिथे उद्या नोकरीला जावं, संशोधनाला जावं, असं मला वाटतं. त्याआधीच त्यांच्या आयांच्या मनात भीती बसली तर ती काढायला पुन्हा आम्हीच दारोदार फिरायचं का?

आता लिहितोच आहे तर हेही सांगतो. मुलांच्या पानावर अख्ख्या लेखात 'ब्लॅक होल' आणि मथळ्यात तेवढं 'कृष्णविवर', असं का? डॉ. जयंत नारळीकरांनी आयुष्यभर मराठीतून खगोलविज्ञान लिहिलं, मराठी मुलांच्या दोन पिढ्या कृष्णविवर हा शब्द त्यांच्याकडून शिकल्या. मुलं सही मागायला आली की ते म्हणायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. आणि आपल्या पानावर प्रश्न पाठवायला साधा पत्तासुद्धा नाही. त्याच जागेत राशिभविष्याचा दीड कॉलम आहे.

आज पहाटे चार वाजता मी नातीला उठवून हाताला धरून गच्चीवर नेलं. दक्षिणेला वृश्चिकाची नांगी दाखवली आणि तिच्या जरा डावीकडे, धनू राशीच्या हद्दीत, बोट धरून सांगितलं की आकाशगंगेच्या मधलं कृष्णविवर तिथे आहे, सुमारे 26,000 प्रकाशवर्षं लांब. तो 16 वर्षांत फेरी घालणारा तारा 2018 च्या मे महिन्यात त्याच्या अगदी जवळून गेला, आणि निसटून पुढेही गेला, हेही सांगितलं. "गिळलं नाही?" "नाही." मग 2034 मध्ये तो पुन्हा जवळ येईल तेव्हा आपण कॉलेजात असू, असा तिने बोटांवर हिशेब केला. गार वाऱ्यात तिथेच झोपली. ऊन अंगावर आलं तरी उठली नाही.

दोन्ही चुकांची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरात छापावी. सोबत नातीचं पोस्टकार्ड जोडलं आहे. प्रश्न तिचा तिने लिहिला आहे: 'दोन कृष्णविवरं धडकली आणि तरंग निघाला, तर तो औंढ्याला पोचेपर्यंत किती बारीक झालेला असेल?' उत्तर लेखकांकडूनच मिळावं असं तिचं म्हणणं आहे. कार्डावर पत्ता आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. औंढा नागनाथ, जि. हिंगोली